जिवाणी

शिरडच्या काकूंचं मी देणं लागतो. पैशाचं असतं तर त्यांच्या मुलाला केव्हाच मनीऑर्डर केली असती. हे देणं किड्यांत मोजायचं आहे, आणि त्याचा आकडा कधीच माझ्या हाताबाहेर गेला.

नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की अर्धापूर मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. त्याच पट्ट्यात आमचं डोंगरकडा. आज गावाची ओळख केळीवरून सांगतात. मी सांगतोय ते त्याआधीचं, इसापूरच्या कालव्याचं पाणी शिवारात यायच्या आधीचं. तेव्हा रानात ज्वारी, कापूस आणि तूर. उन्हाळ्यात ज्याच्या विहिरीला पाणी, त्याला अख्खं गाव आधी रामराम घालायचं. 1972 च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. माय मला ओढ्यातल्या झिऱ्यापाशी घागरीजवळ बसवून खडी फोडायला जायची. झिऱ्यात वाटीभर पाणी साचायला किती वेळ लागतो हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

काकू आमच्या शेजारच्या. सैतवाळ जैन. माहेर मल्लिनाथाचं शिरडशहापूर, म्हणून सगळ्या गल्लीच्या त्या शिरडच्या काकू. त्यांचं खरं नाव मला मोठेपणी कळलं आणि ते मी इथं लिहिणार नाही. त्यांना ते आवडलं नसतं. नवरा लवकर गेलेला, मुलगा पुण्याला नोकरीला. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण आटोपायचं. आमच्या घरी कंदिलाभोवती चिलटं घिरट्या घालायची, वरणात पडायची, माय ती बोटानं काढून टाकायची आणि आम्ही जेवायचो. काकू ओट्यावर बसून म्हणायच्या, "वरणात मीठ कमी नि जीव जास्त झाला असेल." त्यावर माय हसायची. काकूही हसायच्या, पण पुन्हा कधी आमच्याकडे जेवल्या नाहीत.

आमच्या दोन घरांत मिळून एक आड होता. पाणी आम्हीही गाळायचो आणि काकूही गाळायच्या, पण दोन्हींत फरक होता. माय घागरीच्या तोंडावर फडकं टाकायची, पाणी ओतायची आणि फडकं झटकून दोरीवर वाळत घालायची. काकूंचं फडकं जुन्या जाडसर लुगड्याचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ पडलेलं, दुहेरी घडी घातलेलं. पाणी गाळून झालं की त्या फडकं झटकत नसत. ते उलटं करून वरून गाळलेलंच पाणी हळूच सोडायच्या, फडक्यात अडकलेलं सगळं एका पोहऱ्यात उतरवायच्या आणि तो पोहरा पुन्हा आडात सोडायच्या. ही जिवाणी. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात परत. तेही वरून ओतायचं नाही. पंचवीस हात उंचीवरून पडलं तर वाचवून काय उपयोग! म्हणून त्यांच्या तांब्याच्या पोहऱ्याला बुडाशी बाहेरून एक कडी डाखलेली होती. दोन दोर, एक वरच्या दांड्याला आणि एक बुडाच्या कडीला. पोहरा पाण्याला टेकला की वरचा दोर ढिला सोडायचा आणि खालचा ओढायचा. पोहरा पाण्यातच पालथा होतो आणि जिवाला धक्का लागत नाही.

1976 च्या उन्हाळ्यात काकू पाय घसरून पडल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. जिवाणीचं काम माझ्याकडे आलं. मजुरी रोजचा एक शेंगदाण्याचा लाडू. मी बारा वर्षांचा, लाडवासाठी काहीही केलं असतं. पहिले दोन दिवस पोहरा अर्ध्यातच कलंडायचा. काकू गळ्यात हात अडकवून ओट्यावर बसलेल्या, तिथून ओरडायच्या, "अरे, घाई कुणाची? त्यांना काय गाडी पकडायचीय?"

त्या वर्षी आड खोल गेला होता. पोहरा तळाला टेकून गाळ वर यायचा. एका सकाळी फडक्यावर गाळाच्या बारीक थरात लाल दोऱ्यासारखं काहीतरी वळवळताना दिसलं. एक नाही, दहा-बारा. मायनं पाहिलं आणि किंचाळली, "नारू!"

तिचा दोष नव्हता. आजोबांच्या पोटरीवर नारूचा वळ होता. पायातून बाहेर आलेला तो पांढरा दोरा काडीवर गुंडाळत रोज बोटभर ओढायचा, तुटला की पाय सुजायचा, हे ती सासरी आल्यापासून ऐकत होती. नारू डोळ्यांना दिसून पोटात जात नाही, पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या टिंबाएवढ्या जिवात बसून जातो, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्या मोहिमेत गावोगाव सांगितलेला मुख्य उपाय काय होता? पाणी दुहेरी फडक्यातून गाळा. ही बातमी वाचली तेव्हा मी पेपर खाली ठेवून बराच वेळ गप्प बसलो होतो.

पण त्या सकाळी मी एक वाईट काम केलं. फडक्यावरचा एक किडा बोटांत चिरडला. बोट रक्तानं लाल झालं, खरंखुरं लाल. "ह्यानं कुणाचं तरी रक्त पिलंय," मी म्हणालो. काकूंनी तोंड फिरवलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "प्यायचं असतं तर तोंडाला काहीतरी असतं की. तोंड बघितलंस का त्याचं?"

बघितलं नव्हतं. त्या घरात गेल्या आणि डाव्या हातानं एक भिंग घेऊन आल्या. काकांचं होतं, पोथी वाचायचं, पितळी मुठीचं. "आधी बघ. मग बोल."

त्या भिंगातून मी पहिल्यांदा कायरोनोमस पाहिला. नाव अर्थातच तेव्हा माहीत नव्हतं. आम्ही त्याला लाल्या म्हणायचो. चाकूच्या टोकाएवढं डोकं, त्याखाली लहानसे आखूड पाय, शेपटाकडे नळीसारखी बारकी बोटं. रक्त पिण्याजोगं तोंडाला काही नव्हतं. मग मला राहवलं नाही. जिवाणीतून चौदा लाले काढून घेतले आणि काचेच्या बरणीत, तळाशी आडाचा गाळ घालून, माळवदाच्या जिन्याखाली लपवले. दोन दिवसांत ते दिसेनासे झाले. गाळात जागोजागी बारीक भोकं तेवढी उरली. भिंग लावून बघितलं तर प्रत्येक भोकाशी गाळाचे कण लाळेच्या धाग्यानं चिकटवून बांधलेली नळी, आणि आत लाल्या अंग हलवतोय. न थांबता, लाटेसारखा. एका तोंडानं पाणी आत घ्यायचं, दुसऱ्या तोंडानं बाहेर.

त्यांचा लाल रंग रक्ताचाच होता, पण त्यांच्या स्वतःच्या. कीटकांच्या रक्तात हिमोग्लोबिन असणं फार दुर्मीळ. ह्या अळ्यांचं हिमोग्लोबिन आपल्यासारखं पेशींत नसतं, रक्तात सरळ विरघळलेलं असतं. गाळात प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो, तिथं हे हिमोग्लोबिन मिळेल तेवढा पकडून ठेवतं. हलणं थांबलं तरी ती शिदोरी काही मिनिटं पुरते. म्हणून जिथं बाकीचे गुदमरून मरतात तिथं हे संसार थाटतात. मला हे कळलं तेव्हा मिसरूड फुटलेलं होतं. बाराव्या वर्षी फक्त एवढंच कळलं की लाल्या दिवसभर काम करतो आणि आपण करत नाही.

तीन आठवड्यांनी संध्याकाळी बरणीच्या तोंडाला बांधलेल्या फडक्याखाली डासांसारखे नाजूक जीव बसले होते. पाण्यावर पारदर्शक काती तरंगत होत्या. मी ओरडलो, डास झाले! काकू चष्मा लावून आल्या. बरणीत हात घातला मी. चावेना कुणी. एक जण काचेवर बसून पुढचे दोन लांब पाय वर धरून थरथरवत होता. काकू म्हणाल्या, "काय खुणावतोय रे हा?"

योहान विल्हेल्म मायगेन ह्या जर्मन माणसानं 1803 साली ह्या कुळाला कायरोनोमस हे नाव दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ हातवारे करून सांगणारा. एम.एस्सी.च्या वर्गात सरांनी हे सांगितलं आणि भर वर्गात मला हसू फुटलं. सरांना वाटलं, टवाळी करतोय. बाहेर काढलं. नाव मायगेननं ठेवलं हे ठीक, पण तो हात करून काहीतरी सांगतोय हे काकूंना त्याचं नाव न वाचता दिसलं होतं.

काकूंनी माझी चोरी तिथंच पकडली. मोजदाद त्यांच्याकडे होतीच. "चौदा घेतले होतेस?" मी मान खाली. "उडाले किती?" नऊ. बाकीचे गाळात मेले होते. काकू रागावल्या नाहीत. "ठीक. पाच बाकी," एवढंच म्हणाल्या. भिंग माझ्याकडून परत घ्यायला विसरल्या, किंवा विसरल्या नाहीत.

मेल्यांची परतफेड कशी करायची, हे मी त्यांना विचारायचं राहून गेलं. पुढं ते आणखी अवघड होत गेलं.

दहावी झाली, नांदेडला गेलो, मग तेव्हाच्या औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठात. भिंग ट्रंकेत. तोवर इकडे कालव्याचं पाणी आलं होतं, केळी आली होती आणि आडाला कुणी विचारत नव्हतं. एम.एस्सी.ला एक प्रयोग होता ज्यासाठी आजही प्राणिशास्त्राचे जुने विद्यार्थी हळवे होतात. लाल अळी घ्यायची, डोकं आणि धड यांच्यामध्ये सुईनं अलगद ओढायचं, लाळग्रंथी बाहेर येतात. त्यावर ॲसिटोकार्माइनचा थेंब, कव्हरस्लिप, वर टिपकागद आणि अंगठ्याचा नेमका दाब. मायक्रोस्कोपखाली एकदम पट्ट्यापट्ट्यांची जाड गुणसूत्रं उलगडतात. बाकी पेशींत असली गुणसूत्रं दिसायला जीव काढावा लागतो. इथं हजारो पदर न सुटता एकमेकांना चिकटून राहिल्यामुळं ती दोरखंडासारखी दिसतात. 1881 साली बाल्बियानी नावाच्या फ्रेंच संशोधकानं ती पहिल्यांदा पाहिली, ती ह्याच कुळातल्या अळीच्या लाळग्रंथीत. त्यातल्या एका गुणसूत्रावर फुगलेल्या कड्यांसारखे भाग असतात. त्यांना आजही बाल्बियानीची कडी म्हणतात. 1960 साली क्लेव्हर आणि कार्लसन ह्या दोघांनी अळीला कात टाकण्याच्या वेळचं संप्रेरक टोचलं आणि गुणसूत्रावर ठरावीक जागी फुगवटा उठताना पाहिला. संप्रेरक थेट जनुकाला जागं करतं, हे तेव्हा डोळ्यांना दिसलं. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत ज्याचा मान, तो आमच्या वसतिगृहामागच्या गटारात फुकट मिळायचा. अळ्या आणायचं काम अर्थातच माझ्याकडे. बाकीचे नाक दाबायचे. मी गाळ एका फडक्यावर घेऊन पाणी सोडायचो, फडक्यावर लाले उरायचे. सरांनी विचारलं, ही पद्धत कुठं शिकलास? मी म्हणालो, घरी. पुढचं अर्धं, फडकं उलटं करण्याचं, त्यांना सांगितलं नाही. तिथं ते बसत नव्हतं.

पहिल्या दिवशी माझा अंगठा थरथरला. दुसऱ्या दिवशी नाही. माणूस किती लवकर सरावतो, ह्याचं मला नवल वाटलं नाही, ह्याचंच नवल वाटतं.

1987 च्या उन्हाळ्यात परीक्षा चालू असताना मायचं पत्र आलं, शेजारच्या मुलाकडून लिहवून घेतलेलं. काकू गेल्या. शेवटच्या दिवसांत पाणीसुद्धा सोडलं होतं. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: त्या विचारत होत्या, पोरगं अजून भिंगातून बघतंय का. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती, त्यात हीच अळी आली. मला सगळ्यांत जास्त गुण त्याच प्रयोगात मिळाले.

नंतर मी नांदेडच्या एका महाविद्यालयात शिकवायला लागलो आणि सदतीस वर्षांनी निवृत्त झालो. वर्गात वीस मुलं धरली, एका मुलाला जमेपर्यंत चार अळ्या लागतात हे धरलं, तरी हिशेब कुठं जातो ते पाहा. 2014 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं विच्छेदनं बंद करायला सांगितली तेव्हा सहकाऱ्यांनी निषेधाचं पत्र लिहिलं. मी सही केली, कारण शास्त्र मला पटलेलं होतं. घरी येऊन सुटल्यासारखं वाटलं, तेही खरं.

शिकवण्याबरोबर नदीचंही वेड लागलं. सुट्ट्यांत कयाधूच्या काठाकाठानं फिरायचो. नर्सीला नामदेवाच्या पायऱ्या उतरून खाली नदीत गुडघाभर उभा राहायचो, हातात चाळणी. येणारे-जाणारे विचारायचे, सोनं सापडतं का? कयाधू पुढं पैनगंगेला मिळते. उन्हाळ्यात तिचे वेगवेगळे डोह होतात आणि प्रत्येक डोहाची वस्ती वेगळी. एका शहराच्या वरच्या अंगाला दगड उचलला की खाली मेफ्लायची पिल्लं, चपळ, तीन शेपट्या फाकवून पळणारी. त्याच शहराच्या खालच्या अंगाला गाळ उपसला की लालच लाल, दुसरं काही नाही. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात नदीच्या पाण्याला किड्यांवरून गुण द्यायची पद्धत निघाली, ती आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानंही घेतली. त्यात मेफ्लायच्या काही घराण्यांना दहापैकी दहा गुण. आमच्या लाल्याच्या अख्ख्या घराण्याला दोन. त्याच्या खाली फक्त गाळातली गांडुळासारखी मंडळी, एक गुण. म्हणजे वर्गात शेवटून दुसरा.

हे दोन गुण मला नेहमी खुपले. कायरोनोमस हे एक कुळ, पण त्याचा गोतावळा मोठा आहे आणि सगळे काही गटारात राहत नाहीत. त्याच घराण्यातला ऱ्हिओटॅनिटार्सस स्वच्छ वाहत्या पाण्यात दगडाला नळी चिकटवतो, नळीच्या तोंडाशी काड्यांसारखे हात उभे करतो आणि त्या हातांमध्ये लाळेचे धागे ताणतो. प्रवाहात वाहून आलेलं अन्न धाग्यांना चिकटलं की धाग्यासकट खाऊन टाकतो आणि नवे ताणतो. नदीत बसून पाणी गाळणारा. थंडगार खोल तळ्यांच्या तळाशी, खडकावरच्या ओल्या शेवाळात, अंटार्क्टिकावरसुद्धा ह्यांचे भाऊबंद आहेत.

हे सगळं माहीत असूनही मी एकदा पाय घसरून पडलो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका गावच्या सरपंचांनी टाकीतले लाल किडे बाटलीत आणून दाखवले. मी न जाता, न बघता, महाविद्यालयाच्या पोर्चमध्ये उभं राहून सांगितलं: लाल अळी म्हणजे सडलेलं पाणी, टाकी रिकामी करा. एप्रिल महिना. त्यांनी केली. पुढचा टँकर तीन दिवसांनी आला. नंतर मी स्वतः गेलो. टाकी साधी, झाकण फुटलेलं, तळाला वाऱ्यानं उडून आलेल्या मातीचा थर, त्यात अळ्या. पाणी चांगलं होतं. गाळून, उकळून सहज प्यायला आलं असतं. एक म्हातारी भिंतीच्या सावलीत बसली होती. म्हणाली, "किडं तर गेलं सर. पानी कुटं हाय?"

एकटी लाल अळी काही सांगत नाही. तिच्याबरोबर आणखी कोण आहे आणि कोण नाही, ते बघावं लागतं. खालच्या डोहात लाले होते म्हणून नदी मेलेली नव्हती. बाकी कुणी नव्हतं म्हणून मेलेली होती. आधी बघ, मग बोल, हे मला बाराव्या वर्षी सांगून झालं होतं.

उलट, लाल्याला संत करायचीही गरज नाही. सुदानमध्ये नाईलच्या काठी ह्याच घराण्यातल्या चिलटांचे थवे उठतात तेव्हा लोकांना दम्याचे झटके येतात. 2001 साली इस्राएलच्या ब्रोझा आणि हाल्पर्न यांनी कायरोनोमसच्या अंड्यांच्या चिकट पुंजक्यांवर पटकीचे जंतू सापडल्याचं लिहिलं. मादी पाण्याच्या कडेला एका काडीला किंवा दगडाला शेकडो अंड्यांची जिलेटिनसारखी पिशवी चिकटवते. ती पिशवी जंतूंची खानावळ होते. चावत नाही, पण उंबरठ्यावर पाहुणे आणून बसवतो, असा प्रकार.

दोन वर्षांनी, 2003 साली, आणखी एक निबंध हाती आला. रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात 65 गावांत एक साधी गोष्ट करून पाहिली. बायकांना पाणी जुन्या साडीच्या चार किंवा जास्त पदरांतून गाळायला सांगितलं. पटकीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, 48 टक्क्यांनी कमी. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून राहतात. साडी त्या जिवांना अडवते. नवी साडी तेवढी चांगली नाही, जुनीच हवी. धुऊन धुऊन धागे पिंजतात आणि पदरांची घडी मिळून मधली भोकं वीसेक मायक्रॉनवर येतात. मी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. सायीसारखं मऊ पडलेलं फडकं म्हणजे काय, हे मला त्यातल्या आकड्यांवरून कळलं. काकूंची घडी दुहेरीच होती, हे कबूल करतो. पण लुगडं जाड होतं.

आणि त्या निबंधात पुढचं अर्धं नव्हतंच. फडक्यावर जे उरतं त्याचं काय करायचं? धुऊन उन्हात वाळवा, असं आरोग्याचे लोक सांगतात, आणि बरोबरच सांगतात. काकूंची पद्धत आरोग्याची नव्हती. ज्यांना आडात परत सोडलं, ते उद्या पुन्हा फडक्यावर यायचेच. रोज तेच ते. ह्यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि माझ्या दोन्ही बाजू अजून एकमेकींशी बोलत नाहीत.

2024 च्या फेब्रुवारीत पुण्यात केशवनगर-खराडीच्या बाजूला मुळा-मुठेवर चिलटांचा भोवऱ्यासारखा उंच खांब उठला आणि देशभर व्हिडिओ फिरला: डासांचं वादळ. काकूंचा मुलगा तिथंच जवळ राहतो. त्याचा फोन आला, "दादा, हे काय आहे?" थव्याचा आकार बघून मला तरी ती आपलीच मंडळी वाटली. नर असे खांब करून नाचतात, पिसासारख्या मिशांनी मादीच्या पंखांचा सूर ऐकतात. त्यांचं आयुष्य दोन-चार दिवसांचं, त्यात खाणंपिणं जवळजवळ नाहीच. मी त्याला सांगितलं, चावणार नाहीत, पण दिवा बंद करून जेव. तो म्हणाला, "आईसारखं बोलताय." मग मी त्याला पुण्यातलीच दुसरी गोष्ट सांगितली: तिथल्या विद्यापीठात बिमलेंदु नाथ यांच्या प्रयोगशाळेत कायरोनोमस रामोसस ह्या भारतीय जातीवर वर्षानुवर्षं काम झालं. माणसाचा जीव घेईल त्याच्या कितीतरी पट किरणोत्सर्ग ह्या अळ्या सहन करतात. तुझ्या खिडकीबाहेर जे घोंगावतंय त्याला हलकं समजू नकोस. त्यानं विचारलं, हे आईला माहीत होतं का? भिंगाचं मी त्याच फोनवर सांगितलं, परत पाठवतो म्हणालो. तो म्हणाला, "असू द्या. मी कुठं बघतो त्यातून."

निवृत्त झाल्यावर मी डोंगरकड्यात जास्त राहायला लागलो. पुतण्याचं केळीचं पॅकिंगचं शेड आहे. घडातल्या फण्या तोडून तुरटीच्या पाण्यात धुतात, स्टिकर लावतात, खोक्यात भरतात. गेल्या पावसाळ्याआधी शेडमध्ये बसलो असताना कोपऱ्यात स्टिकरच्या गुंडाळ्यांनी भरलेलं एक काळवंडलेलं भांडं दिसलं. काकूंचं घर विकलं तेव्हा सामान आमच्याकडे ठेवलेलं, त्यातलं. पुतण्याच्या मुलीनं गुंडाळ्या ओतून भांडं पालथं केलं आणि विचारलं, "आबा, ह्याची कडी खालून का लावलीय? चुकून?"

मी म्हणालो, दोर लागतील. दोन.

केळीच्या झाडांना आधार द्यायची नायलॉनची दोरी शेडमध्ये होतीच. तिनं विळ्यानं दोन लांब तुकडे तोडून आणले. एक दांड्याला बांधला, एक बुडाला. मायच्या ट्रंकेत एखादं लुगडं अजून असेल का, म्हणून मी आत सुनेला विचारलं, आणि आडावरची लोखंडी जाळी उचलायला पुतण्याला हाक मारली.